व्हॅनचे टायर: आधी माती पाहावी, मग साइज

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न साइजचा येतो. आपण मात्र त्याआधी मातीचा विचार करून जावे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, तांबडी माती आणि जांभा खडक आहे, तर पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती लागते, आणि या दोन मातींत टायरची परीक्षा सारखी होत नाही.

तांबड्या वाटेचा वरचा थर पावसात निसरडा होतो, पण खाली बहुधा लवकरच कठीण तळ लागतो. तेथे अरुंद टायर राड कापून तळाला टेकतो, त्यामुळे केवळ दिसायला भारी म्हणून रुंद टायर बसवण्यात शहाणपण नाही. खरा धोका जांभ्याच्या धारदार कडांचा असतो. त्या टायरची बाजू चिरतात, आणि नक्षीवर खिळा रुतून झालेले पंक्चर काढता येते तशी बाजूची चीर भरवशाने बुजवता येत नाही.

काळी माती खाचांत भरून बसते आणि बघता बघता टायर गुळगुळीत होतो. मोठ्या गोट्यांचा, रुंद खाचांचा मड टेरेन टायर फिरता फिरता ही माती बाहेर फेकतो. तरीही भिजलेल्या काळ्या रानात, जेथे तळच लागत नाही, तेथे मागच्या दोन चाकांवर चालणारी व्हॅन त्याच्या बळावर निघेलच असे नाही, कारण साध्या डिफरन्शिअलमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरमध्ये, ज्या चाकाची पकड सुटते तेच फिरत राहते. अशा पाणंदीत गाडी घालण्याआधी एक-दोन दिवस ऊन पडू द्यावे, हे महागड्या टायरपेक्षा स्वस्त पडते.

शिवाय बहुतेकांची व्हॅन शेतवडीपेक्षा डांबरावरच जास्त धावते. मड टेरेन टायर डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पकडतो. म्हणून माझ्या मते आपल्या भागासाठी मजबूत बाजूचा ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारा, टायर घ्यावा; मड टेरेन ज्याला रोज चिखलातूनच जावे लागते त्याने घ्यावा.

व्हॅनच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा अंक. माणसे आणि सामान भरले की मागच्या चाकांवर मोठे वजन येते. टायरवरील 100 या अंकाचा अर्थ पुरेशा हवेत एका टायरला 800 किलो, तर 108 म्हणजे 1000 किलो. कंपनीने दिलेल्या अंकापेक्षा कमी अंकाचा टायर, नक्षी कितीही आकर्षक असली तरी, घेऊ नये. हलक्या व्यापारी वाहनांसाठीचे, आठ प्लायचे, म्हणजे आठ थरांइतक्या मजबुतीचे टायर या कामाला योग्य ठरतात.

साइज शक्यतो मूळचीच ठेवावी. 215/75 आर 15 (पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये) ऐवजी 235/75 आर 15 बसवल्यास टायरचा व्यास सुमारे 30 मिलिमीटरने वाढतो, पण गाडी उंचावते फक्त 15 मिलिमीटरने. स्पीडोमीटर 60 दाखवत असताना वेग 62 च्या वर असतो, आणि चाक वळवताना टायर मडगार्डला घासण्याची शक्यता असते.

चिखलात शिरण्यापूर्वी हवा थोडी उतरवल्यास टायर पसरतो आणि पकड वाढते. उदाहरणार्थ 35 पौंडांवरून 25 वर आणता येते. मात्र कमी हवेत टायर कमी वजन पेलतो, ट्यूबलेस असल्यास रिमवरून सुटूही शकतो, म्हणून भरलेल्या गाडीत हे करू नये, वेग अगदी कमी ठेवावा आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत असलाच पाहिजे, कारण रानात पंक्चरवाला नसतो.

विकत घेताना बाजूवरील चार आकडे वाचावेत: 2324 म्हणजे टायर 2024 मधील तेविसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडून कडक झालेला टायर सवलतीत मिळाला तरी परत करावा. कायद्याने नक्षी किमान 1.6 मिलिमीटर लागते, पण चिखलात तेवढ्या नक्षीचा काही उपयोग होत नाही. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत, आणि स्टेपनी त्याच साइजची व त्याच भारांकाची ठेवावी. जुना घासलेला टायर स्टेपनीला लावण्याची आपल्याकडची सवय नेमकी कणकुंबीच्या पावसात महागात पडते.