फोनवरचा वाद मोजून कसा मिटवावा

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या एखाद्या घरगुती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुतण्या लिहितो, ‘काका, माझा फोन तुमच्यापेक्षा दुप्पट फास्ट आहे.’ काका उत्तर देतात, ‘असेल बाबा, पण तुझा रात्री आठलाच चार्जरला लागतो.’ मग दीडशे मेसेज पडतात, दोन आत्या ग्रुप म्यूट करतात आणि मुद्दा जिथल्या तिथेच राहतो. दोघंही खरं बोलत असतील. फास्ट कशात, किती वेळ आणि किती गरमीत, एवढंच कोणी लिहिलेलं नसतं.

म्हणून आधी दावा छाटून घ्या. ‘बॅटरी भारी आहे’ यावर उत्तर देऊ नका. विचारा: ‘काका, कोणतं मॉडेल, अँड्रॉइड कितवं, बॅटरी किती जुनी आणि दिवसभर वायफाय की सिमचं नेट?’ चारही गोष्टी आल्या की निम्मे वाद तिथेच विरतात, कारण तीन वर्षं वापरलेल्या बॅटरीची तुलना गेल्या महिन्यात घेतलेल्या फोनशी चाललेली असते. स्क्रीनशॉट मागाल तर पूर्ण मागा, वरची वेळ आणि चार्जिंगची खूण दिसेल असा. कापलेल्या स्क्रीनशॉटवर बोलूच नका. मोठ्यांना ‘पुरावा द्या’ म्हणू नये, ‘मलाही करून बघायचंय, सेटिंग सांगता का?’ म्हणावं. माहिती तीच मिळते आणि काका चिडत नाहीत.

एककांचे घोळ पटकन निपटता येतात. १२८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज ११९ दाखवतं तेव्हा दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटी ३७ लाखांच्या आसपास. याच हिशेबाने १ टीबीचे ९३१ होतात. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा एमबीच दिसणार, कारण पहिला आकडा बिटचा आहे आणि दुसरा बाइटचा, आठने भागा. रॅम ‘भरलेली’ दिसणं हा दोष नाही, अँड्रॉइड रिकामी रॅम मुद्दाम कामाला लावतं. आणि जाहिरातीतल्या ‘८ अधिक ८ जीबी रॅम’मधली दुसरी आठ म्हणजे स्टोरेजचा उधार घेतलेला तुकडा. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू असतो.

पॉवरबँकचा हिशेब मात्र कागदावर करा. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा, म्हणजे ३७ वॉट-अवर (साठवलेल्या ऊर्जेचं माप: १० अँपियर-अवर गुणिले ३.७). ते व्होल्टेज यूएसबीच्या ५ पर्यंत वाढवताना काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. ८५ टक्के बाहेर आली असं धरलं तर सुमारे ३१. फोनची ५००० एमएएचची बॅटरी ३.८७ व्होल्टची असेल तर १९ वॉट-अवरच्या थोडी वर. फोनच्या आतही थोडं वाया जातं. म्हणजे फोन साधारण दीड वेळा भरेल. ‘दोनदा भरायला पाहिजे, माल नकली आहे’ असं म्हणणाऱ्याला हे गणित पाठवा. पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, तिथे ५ व्होल्टवरचा सहा हजारांच्या आसपासचा आकडा दिसला तर माल ठीक आहे.

आता बेंचमार्क, म्हणजे फोनचा वेग तपासून गुण देणारी अ‍ॅप्स: गीकबेंच, अंतूतू, थ्रीडीमार्क वगैरे. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात, आणि बहुतेक आळसामुळे. गीकबेंच ५ आणि ६ चे आकडे एका ओळीत ठेवू नका. पाचमध्ये इंटेलच्या कोअर आय३-८१०० या कॉम्प्युटर प्रोसेसरला १००० गुण धरले होते, सहामध्ये कोअर आय७-१२७०० ला २५००. शिवाय मल्टी-कोअरची, म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले गणन-भाग) एकत्र तपासण्याची, रीतच बदलली. आधी प्रत्येक कोअर आपापलं वेगळं काम करायचा, सहामध्ये सगळे मिळून एकच काम वाटून घेतात, त्यामुळे जास्त कोअर असले म्हणून गुण त्या प्रमाणात चढत नाहीत. अंतूतूच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचं तेच. आकड्यासोबत आवृत्ती नसेल तर तो आकडा ग्रुपवर टाकू नका.

एकदाच चालवलेली चाचणी फोनची पहिली धाव दाखवते. गेम खेळणाऱ्याला विसाव्या मिनिटाला काय होतं ते हवं असतं. त्यासाठी थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट लावा: एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्या, एकूण वीस मिनिटं. शेवटी सर्वांत चांगली फेरी, सर्वांत वाईट फेरी आणि स्थिरतेचा टक्का मिळतो. लोक फक्त टक्का मिरवतात आणि तिथेच फसतात. एक फोन ३००० वरून २००० वर आला तर स्थिरता ६७ टक्के. दुसरा १५०० वरून १४८५ वर आला तर ९९ टक्के. पण थकलेला पहिला फोनही दुसऱ्याच्या पुढेच आहे. म्हणून तिन्ही आकडे द्या.

आणि खोलीचं तापमान लिहा. इंदूरकरांनी तर हे विसरूच नये. परीक्षणं बहुतेक एसीच्या खोलीत होतात आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी गाठतो. खोली दहा अंशांनी तापली की फोनला उष्णता टाकायला तेवढीच कमी जागा उरते, तो लवकर वेग कमी करतो. एकाने मेमध्ये गच्चीखालच्या खोलीत आणि दुसऱ्याने जानेवारीत केलेल्या चाचण्यांची तुलना म्हणजे निव्वळ हवामानाची तुलना. ‘शब-ए-मालवा’ची, म्हणजे माळव्यातल्या सुखद रात्रींची, कीर्ती इथे कामाला येते: रात्री दहानंतर, दोन्ही फोन एकाच लाकडी टेबलावर, कव्हर काढून, चार्जर काढून, पंखा बंद. दोन चाचण्यांच्या मध्ये निदान अर्धा तास. बॅटरी दोन्हींची ५० टक्क्यांच्या वर आणि पॉवर सेव्हिंग बंद. भिंतीवरचं साधं थर्मामीटर पुरतं, फोनमधलं अ‍ॅप नको. ते बॅटरीचं तापमान दाखवतं, खोलीचं नाही.

अ‍ॅपचं नाव ओळखून वागणं बदलणारे फोनही असतात. मार्च २०२२ मध्ये गीकबेंचने सॅमसंगच्या एस१० ते एस२२ मालिकांचे निकाल यादीतून काढले, कारण फोनमधली गेमसाठीची व्यवस्था इतर अ‍ॅप्सना आवर घालत होती आणि बेंचमार्कला सोडत होती. ‘कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात’ हा दावा आला तर त्यालाही हद्द घाला. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने मान्य केलं होतं की बॅटरी कमकुवत झालेल्या काही आयफोनचा वेग ते कमी करतं, अचानक बंद पडू नयेत म्हणून. तेवढं खरं आहे. त्यावरून काकांचा दुसऱ्या कंपनीचा फोन का रेंगाळतो ते ठरत नाही, तिथे आधी स्टोरेज किती भरलंय ते बघा.

बॅटरीची चाचणी करायची तर ब्राइटनेस ही खरी अडचण. दोन फोनवर पट्टी अर्ध्यावर ठेवली म्हणजे उजेड सारखा झाला असं नाही. तिसरा फोन घ्या, त्यात लक्स (उजेडाचं एकक) मोजणारं अ‍ॅप टाका. अंधाऱ्या खोलीत पहिल्या फोनवर पूर्ण पांढरं चित्र उघडा आणि तिसऱ्याचा वरचा सेन्सर पडद्यापासून दोन सेंटिमीटरवर धरा. जो आकडा येईल तोच दुसऱ्या फोनवर येईपर्यंत त्याची पट्टी सरकवा. सेन्सर थोडा चुकीचा असला तरी चालतं, दोन्हींना चूक सारखीच लागते. ऑटो ब्राइटनेस बंद. मग फ्लाइट मोड, एकाच राउटरचं वायफाय, आधी डाउनलोड केलेला एकच व्हिडिओ, एकच आवाज. बॅटरी १०० टक्के असताना सुरू करू नका, काही फोन १०० वर बराच वेळ अडून बसतात. ९० वरून ३० वर यायला लागणारा वेळ मोजा. नवा फोन किंवा मोठं अपडेट असेल तर तीन-चार दिवस थांबा, तोवर मागे फोटोंची वर्गवारी चाललेली असते. रेंज कमी असलेल्या घरात सिम चालू ठेवून केलेली चाचणी टॉवरचं अंतर मोजते.

फोटोंवर ‘कोणता आवडला?’ विचारायचं तर नावं लपवा. भांडणात नसलेली एखादी वहिनी दोन्ही फोटो घेईल, विंडोजमध्ये प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समधून खासगी माहिती काढेल (नाहीतर फाइलमध्ये मॉडेलचं नाव तसंच राहतं), ‘अ’ आणि ‘आ’ नाव देईल आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवेल. फोटो म्हणून पाठवलेत तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून टाकतं, मग बारकावे कुठले?

चुकलात तर नवा मेसेज टाकून चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा दोन्ही लिहा. जुना मेसेज डिलीट केला की खालचे सगळे रिप्लाय लटकतात.

‘६५ वॉटचा चार्जर ६५ देत नाही’ हा वाद बऱ्याचदा केबलवर संपतो. टाइप-सी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप नसेल तर ती ३ अँपियरच्या पुढे जात नाही. २० व्होल्टला म्हणजे ६० वॉट, आणि ६५ ला लागतात सव्वातीन अँपियर. काही फोनचं जलद चार्जिंग तर कंपनीच्याच चार्जर-केबलच्या जोडीवर चालतं, दुसरीकडे ते बरंच खाली येतं. जेल रोडला केबल घ्यायला गेलात तर छोटं यूएसबी-सी मीटर आणि अर्ध्याच्या खाली उतरलेला लॅपटॉप सोबत न्या. मीटर मध्ये लावा, व्होल्ट आणि अँपियर दोन्ही वाचा, गुणाकार करा. बॅटरी ८० च्या वर असेल तर आकडा कमीच येईल आणि दुकानदाराशी उगाच नवा वाद सुरू होईल.