रसदीच्या किल्ल्याचा इतिहास कसा शोधावा : टंकाईचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील किल्ल्यांवर जाणारे बहुतेक जण तटबंदी, दरवाजे आणि बुरूज टिपतात, आणि ज्याच्या जोरावर शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज, टिकून राहत असे ते साठवणुकीचे अवशेष नेमके ओलांडून पुढे जातात. मनमाडजवळची अणकाई-टंकाई ही जोडी या अभ्यासासाठी सर्वांत सोयीची आहे, कारण जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये टंकाईची ओळखच अणकाईच्या शिबंदीचे कोठार अशी दिलेली आहे. (आज अन्न महामंडळाची मोठी गोदामे मनमाडलाच आहेत, हा योगायोग गमतीचा खरा, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.)

चढण्यापूर्वी घरी बसून थोडे गणित करावे. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले, तर 100 माणसांना वर्षाला सुमारे 18 टन धान्य लागते, आणि ते साधारण 24 घनमीटर जागेत, म्हणजे 4 मीटर लांब व 3 मीटर रुंद खोलीत 2 मीटर उंचीपर्यंत मावते. त्याच माणसांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज 5 लिटर पाणी धरले, तर पावसाळ्यानंतरच्या 8 महिन्यांत 1,20,000 लिटर, म्हणजे 120 घनमीटर पाणी लागते. बाष्पीभवन आणि जनावरे यांत धरलेलीच नाहीत. धान्याच्या पाचपट जागा पाणी खाते, म्हणून कोठारापेक्षा आधी कातळात खोदलेली पाण्याची टाकी मोजावीत, असे माझे मत आहे. अंबारखाना (धान्याचे कोठार) शोधण्याच्या उत्साहात मी स्वतः पहिल्या खेपेला टाक्यांची खोली न मोजताच उतरलो होतो आणि सगळा हिशेब अर्धवट राहिला.

टाक्याची लांबी-रुंदी टेपने घ्यावी. खोलीसाठी दोरीला दगड बांधून सोडावा, मात्र दगड गाळावर टेकतो, मूळ तळावर नव्हे, हे वहीत नोंदवावे. कातळात खोदलेला प्रत्येक खड्डा पाण्याचाच असतो असेही नाही. आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची आडवी रेघ दिसते का आणि पन्हळ खोदून आजूबाजूचे पाणी आत घेतले आहे की बाहेर वळवले आहे, हे पाहावे. पाणी बाहेर वळवलेले असेल, तर आत कोरडा माल असण्याची शक्यता वाढते. कुठेही उकरू नये.

दारूगोळ्याची जागा वेगळ्या रीतीने ओळखावी लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यकारभारावरील ग्रंथात, दारूखाना घरांजवळ व घरांच्या वाऱ्याखाली नसावा, त्याला तळघर असावे आणि दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी, असे सांगितले आहे. त्यामुळे वस्तीच्या जोत्यांपासून दूर, एकाकी आणि जाड भिंतींचे जोते दिसले की तिथे थांबावे.

नंतर कागदांकडे वळावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किल्ल्यांचे मोडी कागद आहेत. त्यांत किल्ल्याच्या नावाबरोबर कारखानीस, शिबंदी आणि बेगमी (पुढच्या गरजेसाठीचा साठा) हे शब्दही शोधावेत, कारण सामानाचा हिशेब कारखानिसाकडे असे. धान्य खंडी-मणांत लिहिलेले सापडेल. 20 मणांची खंडी हे प्रमाण कायम असले, तरी मण प्रांतोप्रांती वेगळा होता, तेव्हा किलोत उतरवण्याची घाई करू नये.

शेवटी इंग्रजांनी हे किल्ले घेतले त्या 1818 च्या इंग्रजी नोंदी पाहाव्यात, कारण जिंकणारा सामानाची मोजदाद करतोच. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या फौजेने 5 एप्रिल 1818 रोजी अणकाई-टंकाई ताब्यात घेतली तेव्हा गोळी झाडावी लागली नाही, आणि आत तोफांबरोबर दारूगोळ्याचा मोठा साठा तसाच पडून होता.