त्रिनिदाद-टोबॅगोची ऑलिंपिक पदकं मोजताना

स्वातंत्र्य ३१ ऑगस्ट १९६२चं, म्हणून मोजणी तिथून धरू नका. १९४८ पासून धरा: लंडनला संघ स्वतःच्या नावानेच उतरला आणि रॉडनी विल्क्सने वेटलिफ्टिंगमध्ये रौप्य मिळवलं.

१९६० वगळा. तेव्हा वेस्ट इंडीज महासंघाचा एकत्र संघ होता. त्याची दोन कांस्यं जमैका-बार्बाडोसच्या धावपटूंची, आणि तीही महासंघाच्याच खात्यात जातात.

खरी गफलत २००८ची. जुन्या तक्त्यात ४×१०० मीटर रिलेचं रौप्य दिसेल. ते खोडून सुवर्ण लिहा. त्या रिलेत जमैकाकडून धावलेला नेस्टा कार्टर उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने २०१७ मध्ये जमैकाचं सुवर्ण गेलं.

ताळा करा: हेझली क्रॉफर्ड (१०० मीटर) १९७६, रिले २००८, केशॉर्न वॉलकॉट (भालाफेक) २०१२. सुवर्णं तीन यायला हवीत. दोनच आली, तर तक्ता जुना आहे.