वस्ती न उठवता घरं बांधताना : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा आर्किटेक्चर करून महापालिकेच्या वस्ती-सुधारणेच्या कामात उतरणार असाल, तर पुण्यातलं येरवड्याचं काम आधी नीट समजून घ्या. डिसेंबर 2005 मध्ये जेएनएनयूआरएम, म्हणजे शहरांच्या नूतनीकरणाचं केंद्र सरकारचं अभियान, सुरू झालं. शहरी गरिबांच्या घरांसाठी त्यात बीएसयूपी ही योजना होती. येरवड्यात तिच्यातून वस्ती उठवून टॉवर उभा केला नाही. पक्की घरं तशीच ठेवून मधल्या कच्च्या घरांच्या जागी 270 चौरस फुटांची नवी घरं बांधली. महापालिकेबरोबर स्पार्क ही संस्था आणि बचत गटांतून उभं राहिलेलं महिला मिलन होतं, आराखडे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांचे.

खर्च घरामागे साधारण 3 लाख धरला होता. त्यात केंद्र 50 टक्के, राज्य 30, महापालिका 10 आणि कुटुंब 10, म्हणजे घरटी 30 हजार. हा शेवटचा हिस्सा कागदावर सगळ्यात किरकोळ दिसतो आणि वसूल करताना सगळ्यात जड जातो. एकदा घर पाडलं की कुटुंब भाड्याने राहायला जातं. ते भाडं अंदाजपत्रकात धरलेलं नसेल, तर हिश्श्यासाठी ठेवलेले पैसे त्यातच संपतात. म्हणून कुटुंबाच्या हिश्श्यातला मोठा भाग पाडकामाआधीच बँकेत जमा करून घ्या, रोख हातात घेऊ नका आणि पावती त्याच दिवशी द्या. एका वेळी थोडीच घरं पाडा. चाळीस घरं एकदम पाडली तर आसपास भाड्याच्या खोल्या मिळत नाहीत आणि असलेल्यांची भाडी चढतात.

सर्वेक्षण हा या कामाचा पाया. त्याची घाई करणारा अधिकारी पुढे सहा महिने भांडणं मिटवत बसतो. वस्तीतल्या बायकांना बरोबर घेऊन दारावर नंबर टाका. संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी पुन्हा चक्कर मारा. दिवसा कुलूप दिसलं म्हणून घर ‘रिकामं’ लिहू नका, माणसं कामावर गेलेली असतात. घराच्या चारही बाजू टेपने मोजा, पोटमाळा वेगळा लिहा, चुली किती, म्हणजे वेगळी राहणारी कुटुंबं किती, ते विचारा, राहणारा मालक की भाडेकरू ते नोंदवा. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), रेशनकार्ड, लाइटबिल आणि मतदारयादीतलं नाव ताडून पाहा. लाइटबिल बऱ्याचदा आधीच्या मालकाच्या नावावर असतं, कारण व्यवहार स्टँपपेपरवर झालेला असतो. त्यावर लगेच ‘अपात्र’ शेरा मारू नका, कागदाची प्रत फाइलला लावा. मग यादी आणि घरनिहाय नकाशा वस्तीतच भिंतीवर लावून हरकती घ्या. संगणकाने न पकडलेली चूक शेजारीण दोन मिनिटांत दाखवते.

आता 270 चौरस फुटांचं गणित. 10 बाय 12 फुटांचं घर म्हणजे मजल्याला 120 चौरस फूट. तळमजला आणि वर एक मजला मिळून 240 होतात, त्यातून जिना आणखी खातो. म्हणजे दुसरा मजला आलाच. 8 बाय 10 च्या घरात तर तीन मजले करूनही 270 भरत नाहीत. अशा वेळी पाच-सात कुटुंबांची जागा एकत्र करून एकच इमारत करावी लागते. तळमजला कोणाला, वर कोण जाणार, हा वाद तिथे पेटतो. म्हातारी माणसं आणि दारात धंदा असलेली कुटुंबं आधी बसवा आणि वाटप सगळ्यांसमोर लिहून सह्या घ्या. करारात नवरा-बायको दोघांचं नाव असावं.

साइटवरची दुखणी अंदाजपत्रक करणाऱ्याला दिसत नाहीत. ट्रक मुख्य रस्त्यावरच थांबतो. तिथून चार फुटी बोळातून वाळू, सळई, सिमेंट सगळं डोक्यावरून जातं. ही मजुरी दरात धरली नसेल तर ठेकेदार महिन्याभरात काम थांबवतो. पायाचा खड्डा शेजारच्या साडेचार इंची भिंतीला खेटून येतो. सगळे खड्डे एकदम खणले तर ती भिंत बसते. एकाआड एक खणा, टेकू द्या. जमिनीखाली कोणाची ड्रेनेज लाइन जाते, हे खणण्याआधी जुन्या रहिवाशांना विचारा. जोत्याची उंचीही बोळातल्या सगळ्या घरांकडे बघून ठरवा, नाहीतर नवं घर कोरडं राहतं आणि पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या चुलीपाशी जातं.

अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि चालू बिल (काम सुरू असताना झालेल्या कामापुरतं निघणारं बिल) वाचायला पहिल्या महिन्यातच शिका, तेही कनिष्ठ अभियंत्याशेजारी बसून. सामाजिक बाजूने आलेली मुलं इथेच मागे पडतात. बिल अडकलं की काम थांबतं आणि वस्तीतले लोक जाब ठेकेदाराला नाही, तुम्हाला विचारतात. सळईचे भाव वाढले तरी मंजूर रक्कम तीच राहते. त्यामुळे कामाला उशीर झाला की वाढलेला खर्च कोणाच्या माथी येणार, हे ठेकेदाराशी होणाऱ्या करारातच लिहून घ्या.

नोकरी म्हणाल, तर महापालिकेत समूह संघटिकेसारखी (वस्तीतल्या बायकांचे गट बांधणारी) कामं बहुधा मानधनावर किंवा कंत्राटी असतात आणि संस्थांमधली प्रकल्प चालेल तोवर. दोन प्रकल्पांच्या मधल्या कोरड्या महिन्यांची सोय आधीच करून ठेवा.