पोस्ट-क्वांटम सुरक्षेविषयी लिहिताना या चुका टाळा

हिंजवडीतल्या एका बैठकीत माझ्यापुढे तपासणीसाठी आलेल्या, पोस्ट-क्वांटम सुरक्षेच्या (म्हणजे क्वांटम संगणकापुढेही टिकावी अशा कूटलेखनाच्या) प्रस्तावाच्या दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापले होते: ‘ही यंत्रणा क्वांटम संगणकालाही अभेद्य असून हे गणिताने सिद्ध झालेले आहे.’ ‘अभेद्य’ ही नेहमीची जाहिरातबाजी म्हणून सोडून देता येईल. ‘सिद्ध’ हा शब्द मात्र सोडता येत नाही.

अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये प्रमाणित केलेल्या एमएल-केईएम या गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीची सिद्धता सशर्त आहे. ‘मॉड्यूल लर्निंग विथ एरर्स’ हे लॅटिसवरचे, म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळीवरचे, गणित सोडवणे अवघड असेल, तर ही पद्धत फोडणेही अवघड आहे, इतकेच ती सांगते. ते गणित अवघड असल्याचे कोणीही सिद्ध केलेले नाही. अनेक वर्षे झटूनही जाणकारांना जलद रीत सापडलेली नाही, एवढाच त्याला आधार आहे. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर उभ्या असलेल्या जुन्या आरएसए पद्धतीचीही गोष्ट याहून वेगळी नव्हती.

गृहीतक नेमके कोणते, हे न सांगणे ही दुसरी चूक. निस्टच्या निवडीच्या चौथ्या फेरीपर्यंत पोहोचलेली साइक ही किल्ली ठरवण्याचीच पद्धत 2022 मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू या संशोधकांनी मोडली, आणि तिची सर्वांत लहान आवृत्ती साध्या संगणकाच्या एकाच कोअरवर सुमारे तासाभरात फुटली. तरीही आयसोजेनी, म्हणजे दोन लंबवर्तुळी वक्रांना जोडणारे फलन, शोधण्याचा मूळ प्रश्न सुटला नव्हता. साइक त्यासोबत वक्रावरचे काही जादा बिंदू जाहीर करत असे, आणि ते उघड केल्याने काही बिघडत नाही हे गृहीतक कोसळले.

सगळ्या पद्धती एकाच मापाने मोजू नयेत. एसएलएच-डीएसए ही डिजिटल स्वाक्षरीची पद्धत केवळ हॅश फलनावर, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या फलनावर, विसंबते, पण तिची सर्वांत छोटी स्वाक्षरीही 7,856 बाइटची असते, तर लॅटिसवर आधारलेल्या एमएल-डीएसए-44 ची 2,420 बाइटची. गृहीतक जितके कमी, तितकी किंमत जास्त, असा हा व्यवहार आहे. एकाच गुप्त किल्लीने माहिती कुलूपबंद करणारी एईएस-256 बदलण्याची घाई मात्र करू नये, कारण ग्रोव्हरच्या क्वांटम शोधपद्धतीने तिला तसा धक्का बसत नाही.

प्रस्तावातले ते वाक्य खोडून मी लिहिले: ‘येथे एक्स25519 ही प्रचलित पद्धत आणि एमएल-केईएम-768 एकत्र वापरल्या आहेत, दोहोंपैकी एकीचे गृहीतक टिकले तरी किल्ली गुप्त राहील, मात्र क्वांटम संगणकापुढे भिस्त दुसरीवरच आहे.’ विक्री विभागाला ते लांबलचक वाटले. शेवटचा भाग गाळावा, अशी त्यांची सूचना होती. मी पहिला गाळायला तयार झालो.