क्लबच्या स्पर्धेचा निकाल लिहिताना

नौपाडा, चेंदणी कोळीवाडा, वागळे इस्टेट किंवा घोडबंदर रोडवरचे एखादे गृहसंकुल, ठाण्यात कुठेही गेले तरी वर्षातून एखादी कॅरम स्पर्धा होतच असते. बोर्ड, पावडर, पंच, चषक आणि वडापाव यांची व्यवस्था कार्यकर्ते चोख ठेवतात. मात्र रविवारी रात्री बक्षीस समारंभ आटोपला, की निकालाची बातमी लिहिण्याचे काम कोणाच्या तरी गळ्यात पडते आणि 'स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात उत्साहात पार पडली' या एका वाक्यावर ते निभावून नेले जाते. आमच्या मंडळात गेली काही वर्षे हे काम माझ्याकडे आहे. बातमी बरोबर उतरली की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: अंतिम फेरीत हरलेल्या खेळाडूने ती वाचून 'हो, असेच झाले' असे म्हटले पाहिजे. जिंकणारा कशालाही हो म्हणतो.

लिहायला बसण्याआधी गुणपत्रिका हातात घ्यावी, आणि हातात म्हणजे खरोखरच हातात. मोबाइलवर काढलेला तिचा फोटो पुरेसा नसतो, कारण पेन्सिलने लिहून खोडलेला आणि पुन्हा लिहिलेला आकडा फोटोत नीट दिसत नाही. दिवसभर कॅरमच्या कडेला पडून राहिलेल्या त्या कागदावर पावडरीचा थर बसलेला असतो, पंचाचा अंगठा त्यावरून फिरलेला असतो आणि देवनागरीतला १ आणि ९ यांच्यातले अंतर त्यात हमखास पुसले जाते. एका वर्षी महिला गटाच्या अंतिम सामन्याचा तिसरा सेट मी २५-११ असा लिहिला आणि वर स्वतःच्या पदरचा 'एकतर्फी' हा शब्द जोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपविजेत्या मुलीचे वडील शांतपणे माझ्याकडे आले, त्यांनी मूळ कागद मागून घेतला आणि तो दिव्याखाली धरला. आकडा २५-१९ होता. अकरावीतली ती मुलगी विजयापासून एका चांगल्या बोर्डाच्या, म्हणजे सेटमधल्या एका डावाच्या, अंतरावर येऊन हरली होती, आणि मी एका अंकाच्या चुकीवर दुसरी चूक विशेषणाची चढवली होती.

अशी चूक पकडण्याचा उपाय खेळाच्या नियमांतच आहे, म्हणून निकाल लिहिणाऱ्याला गुण कसे मोजतात हे पंचाइतकेच माहीत असावे. कॅरममध्ये ९ पांढऱ्या, ९ काळ्या आणि १ लाल अशा १९ सोंगट्या असतात. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या शिल्लक राहिलेल्या प्रत्येक सोंगटीमागे एक गुण मिळतो, आणि क्वीन, म्हणजे लाल सोंगटी, त्याने कव्हर केली असेल, म्हणजे ती घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घेतली असेल, तर तिचे तीन गुण मिळतात. मात्र त्याचे स्वतःचे गुण २२ किंवा त्याहून अधिक झाले असतील, तर क्वीनचे गुण धरले जात नाहीत. यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. एका बोर्डात गुण फक्त एकाच बाजूला जातात, त्यामुळे गुणपत्रिकेच्या एकाच ओळीत दोन्ही रकाने भरलेले दिसले, तर कुठे तरी घोटाळा आहे. एका बोर्डात १२ पेक्षा जास्त गुण होऊच शकत नाहीत, म्हणून एखाद्या ओळीत १४ दिसले, तर दोन बोर्डांची बेरीज एकत्र लिहिली गेली आहे असे समजावे. आणि दोन बोर्डांत फार तर २४ गुण होत असल्यामुळे २५ गुणांचा सेट तिसऱ्या बोर्डाआधी संपणे अशक्य आहे. याउलट २१-१८ असा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही; आठ बोर्ड पूर्ण होऊनही कोणी २५ गाठले नसेल, तर पुढे असलेला खेळाडू सेट जिंकतो. फक्त अशा ठिकाणी 'आठ बोर्डांअखेर' हे दोन शब्द लिहावेत, नाहीतर वाचक तुमचीच चूक समजेल.

सेटचे आकडे लिहिताना विजेत्याचे गुण प्रत्येक वेळी आधी येतात, त्याने गमावलेल्या सेटमध्येसुद्धा. 'अमुकने तमुकवर २५-१३, ८-२५, २५-१९ अशी मात केली' हे बरोबर आहे. मधला सेट अनेक जण २५-८ असा उलटवतात, कारण मोठा आकडा आधी लिहिण्याची हाताला सवय असते. मग वाचकाला अमुकने तिन्ही सेट जिंकल्यासारखे वाटते आणि दोन सेटमध्ये संपलेल्या सामन्यात तिसरा कशाला खेळले, असा प्रश्न त्याला पडतो.

नावांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. प्रवेशअर्जावर खेळाडूने आपले पूर्ण नाव स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिले पाहिजे, असा नियम आम्ही केला, कारण इंग्रजी अक्षरांत आलेले आडनाव काळे आहे की काले, दळवी आहे की दलवी, हे रात्री अकरा वाजता कोणाला विचारणार? चेंदणी कोळीवाड्यातून प्रवेशिका आल्या की एकाच गटात तीन-तीन कोळी असतात. तिथे केवळ आडनाव लिहून भागत नाही, वडिलांच्या नावाचे आद्याक्षरही लागते. विवाहित खेळाडूने माहेरचे आडनाव लिहिले असेल तर तेच छापावे, आपण त्यात सुधारणा करू नये. श्री., सौ., कु. हे सगळे वगळावे. एकाला लावले की सर्वांना लावावे लागते आणि शेवटी एखादी कुमारी सौभाग्यवती होऊन छापून येते, हे मी एकदा पाहिले आहे.

आता प्रत्यक्ष बातमी. पहिल्या परिच्छेदात स्पर्धा कोणती, कोठे, कोणत्या तारखांना झाली, गट किती, प्रवेशिका किती, विजेता कोण, त्याने कोणाला हरवले आणि किती गुणांनी, एवढे सगळे आले पाहिजे. वाचक तिथेच थांबला तरी त्याला निकाल कळलेला असावा. नंतर उपांत्य सामन्यांचे निकाल, मग तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला असल्यास तो, मग अन्य गट. फेऱ्यांची नावे लिहिताना 'उपउपांत्यपूर्व' यासारख्या शब्दांत अडकण्याऐवजी 'शेवटच्या १६ खेळाडूंच्या फेरीत' असे सरळ लिहिलेले मला बरे वाटते. प्रतिस्पर्धी आलाच नाही म्हणून जो पुढे गेला, त्याला 'पुढे चाल मिळाली' असे लिहावे. त्याने कोणाचा पराभव केलेला नाही.

यापुढचा भाग खरा कौशल्याचा आहे. सामन्यात नेमके काय घडले, हे दोन-तीन वाक्यांत सांगायचे असते आणि तिथेच बहुतेक बातम्या विशेषणांच्या आहारी जातात. यासाठी मी एक उदाहरण मुद्दाम आमच्या खेळाबाहेरचे देतो. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला चमूने लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक जिंकले. या खेळातले ते भारताचे राष्ट्रकुलातले पहिलेच पदक होते. अंतिम सामना २ ऑगस्ट रोजी लेमिंग्टन स्पा येथे झाला आणि भारताने दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवले. आमच्या मंडळात लॉन बोल्सची हिरवळ प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस नाही, आणि नेमके म्हणूनच हे उदाहरण उपयोगी आहे, कारण तुमची बातमी वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे कॅरमबाबतचे ज्ञानही असेच असते.

अशा वाचकाला खेळ आधी दोन वाक्यांत सांगावा लागतो. सपाट, बारीक कापलेल्या हिरवळीवर जॅक नावाचा एक लहान चेंडू ठेवलेला असतो आणि एका बाजूला वळत जाईल अशा घडणीचे मोठे चेंडू, म्हणजे बोल, घरंगळत सोडून ते जॅकच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे असतात. फेरी संपली की ज्या बाजूचा बोल सर्वांत जवळ असेल तिलाच गुण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बोलपेक्षाही आत तिचे जितके बोल असतील तितके. म्हणजे इथेही एका फेरीत गुण एकाच बाजूला जातात, आपल्या बोर्डासारखेच. चौघींच्या प्रकारात प्रत्येकीला दोन बोल मिळतात, त्यामुळे एका फेरीत जास्तीत जास्त आठ गुण होऊ शकतात.

आता १७-१० हा आकडा पुन्हा पाहा. तो नुसता वाचला तर सामना आरामात जिंकल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात भारताने घेतलेली ८-२ अशी आघाडी दक्षिण आफ्रिकेने पुसून टाकली होती आणि १५ पैकी १२ फेऱ्या झाल्या तेव्हा गुण १०-१० असे बरोबरीत होते. उरलेल्या तीन फेऱ्यांत भारताने सात गुण घेतले आणि एकही दिला नाही. ८-२, १०-१० आणि १७-१०, या तीन आकड्यांत सगळा सामना आला. 'थरारक', 'श्वास रोखून धरायला लावणारा' यांपैकी एकही शब्द लागला नाही, आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंनी हे वाचले तरी त्यांना ते मान्य करावे लागेल, कारण त्यांनी केलेली बरोबरीही त्यात नोंदलेली आहे.

कॅरमच्या सामन्यातही हेच करावे. निर्णायक सेटमध्ये चौथ्या बोर्डानंतर गुण काय होते, आघाडी कोणत्या बोर्डात हातची गेली आणि शेवटच्या बोर्डात क्वीन कोणी घेतली, एवढे गुणपत्रिकेवरून किंवा पंचाला विचारून मिळते. उदाहरणार्थ: 'तिसऱ्या सेटमध्ये पाचव्या बोर्डानंतर तमुककडे १९-१४ अशी आघाडी होती, मात्र सहाव्या बोर्डात अमुकने क्वीनसह ११ गुण घेतले आणि सामना संपवला.' स्लॅम झाला असेल तर तो जरूर नोंदवावा आणि एकदा समजावूनही सांगावा: ब्रेक करणाऱ्याने, म्हणजे पांढऱ्या सोंगट्या घेऊन बोर्ड सुरू करणाऱ्याने, पहिल्याच पाळीत आपल्या सर्व सोंगट्या व क्वीन घेतली, तर तो व्हाईट स्लॅम, आणि प्रतिस्पर्ध्याने आपल्या पहिल्या पाळीत काळ्यांवर तेच केले, तर तो ब्लॅक स्लॅम.

त्या भारतीय चमूबद्दल आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लवली चौबे पहिल्या क्रमांकावर, पिंकी दुसऱ्या, नयनमोनी सैकिया तिसऱ्या आणि रूपा राणी तिर्की कर्णधार, म्हणजे स्किप, म्हणून शेवटी खेळत होत्या. लॉन बोल्समध्ये हा क्रम म्हणजे कामाची वाटणी असते, म्हणून नावे त्या क्रमाने दिली जातात. आपल्याकडे दुहेरीच्या निकालात एका खेळाडूचे नाव देऊन 'व त्याचा साथीदार' असे लिहिण्याची वाईट खोड आहे. साथीदारालाही आडनाव असते.

शब्दांच्या बाबतीत माझे मत जुन्या पद्धतीचे आहे. धुव्वा उडवला, धूळ चारली, पाणी पाजले हे शब्द राष्ट्रीय स्पर्धांच्या मथळ्यांत शोभत असतील. बारा वर्षांखालील गटात शेजारच्या विंगमधल्या मुलाला धूळ चारल्याचे त्याच्या इमारतीच्या सूचना फलकावर लावू नये. 'हरवले', 'मात केली', 'विजय मिळवला' एवढे शब्द आयुष्यभर पुरतात. एखाद्या सामन्यावर हरकत घेतलेली असेल आणि निर्णय झालेला नसेल, तर तेवढेच लिहावे. कोणाचे बरोबर होते, हे बातमीने ठरवायचे नसते.

मान्यवरांचा परिच्छेद शेवटी. माझ्या आधीच्या एका वृत्तांतात प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी आणि सौजन्यदाते यांनी अकरा ओळी व्यापल्या होत्या आणि विजेता बाराव्या ओळीत होता. पाहुण्यांची नावे जरूर द्यावीत, कारण पुढच्या वर्षी चषक त्यांच्याकडूनच हवा असतो, पण ती निकालानंतर द्यावीत. पुढील स्पर्धा, प्रवेशिकांची अंतिम तारीख, सरावाची वेळ या सूचना निकालात मिसळू नयेत. त्यांची वेगळी चिठ्ठी काढावी.

स्थानिक दैनिकाला बातमी पाठवायची असेल, तर ती त्याच रात्री जावी आणि दीडशे ते दोनशे शब्दांत बसावी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. रंगीत चौकटीत बसवलेले चित्र पाठवले, तर उपसंपादकाला ते पुन्हा टाइप करावे लागते, आणि तो करत नाही. छायाचित्राखाली 'डावीकडून' असे लिहून सर्वांची नावे द्यावीत, आणि ती फोटो काढतानाच लिहून घ्यावीत.

चूक झालीच, तर दुरुस्ती त्याच फलकावर, त्याच व्हॉट्सअॅप गटावर, तितक्याच ठळकपणे द्यावी. त्या २५-१९ ची दुरुस्ती मी मूळ बातमी लावली होती त्याच काचेच्या आत लावली, 'एकतर्फी' हा शब्द मागे घेत असल्याचेही त्यात लिहिले आणि तो कागद आठवडाभर हलवला नाही. तेव्हापासून अंतिम सामन्याची गुणपत्रिका दोन्ही खेळाडूंनी सही केल्याशिवाय मी स्वीकारत नाही. सगळ्या गुणपत्रिका वर्षाचे लेबल लावून खोक्यात ठेवतो, कारण पुढच्या वर्षी मानांकन ठरवताना वाद होतो तेव्हा समितीला त्याच काढून पाहाव्या लागतात.