चिन्ह उघडण्याऐवजी जागेवरून सरकते: आईच्या फोनवरचा उपाय

माझी आई ७४ वर्षांची आहे. अँड्रॉइड फोनवर तिने व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हावर बोट ठेवले की ते उघडण्याऐवजी एक छोटी यादी पुढे येई, किंवा चिन्हच सरकून भलतीकडे जाई, आणि पुढे पुढे तिने फोन हातात घेणेच सोडले. स्क्रीन पुसली, संरक्षक काच बदलली, फोन बंद करून पुन्हा सुरू केला, फरक शून्य. दोन आठवडे मी तिलाच ‘हळूच टेकव’ असे सांगत राहिलो, याची आता लाज वाटते.

स्पर्श सुमारे अर्धा सेकंद टिकला की फोन त्याला ‘दाबून धरणे’ समजतो, आणि बटणांच्या फोनची सवय असलेली व्यक्ती सहज तेवढा वेळ दाबते. म्हणून आधी चिन्हे हवी तशी लावून घ्यावीत. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडून, स्पर्श करून धरून ठेवण्याच्या विलंबाचा पर्याय शोधावा (काही फोनांत तो उपविभागात दडलेला असतो) आणि तो सर्वांत दीर्घ ठेवावा. शेवटी होम स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये मांडणी लॉक करावी. ही सोय मात्र सर्वच फोनांत नसते. आईच्या फोनवर त्या दिवसापासून एकही चिन्ह हललेले नाही.